वजनाचा काटा आणि माणसाची कुवत

कुळे सोडले की दूधसागरचा घाट चढत गाडी कॅसलरॉकला येते, लोंढ्याला चहा होतो आणि धारवाडचा पठारी मुलूख मागे टाकीत आपण हुबळी गाठतो. ही वाट गोमंतकीयांना नवी नाही. व्यापार, सोयरीक, गाणेबजावणे आणि औषधपाणी अशा नाना निमित्तांनी आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने जात आली आहेत. मार्च २०२३ पासून हुबळी स्थानकाला एक नवे बिरुद लाभले. तेथील १५०७ मीटर लांबीचा फलाट जगातील सर्वांत लांब फलाट म्हणून ओळखला जातो. बिरुद भूषणावह आहे, यात वाद नाही. परंतु ज्याचा डबा या फलाटाच्या दूरच्या टोकाला उभा राहतो आणि ज्याचे गुडघे देहाचा भार सोसेनासे झाले आहेत, अशा स्थूल प्रवाशाला हा विक्रम कसा वाटत असेल? त्या फलाटावरून चालताना हा प्रश्न आमच्या मनात आला आणि पुढच्या तासाभरातच त्याला एक चेहराही मिळाला.

आम्ही निघालो होतो कमरीपेठेत, एका जुन्या स्नेह्यांकडे. कमरीपेठ ही हुबळीतील जुनी आणि दाट वस्ती. सोमवंश सहस्रार्जुन क्षत्रिय, म्हणजेच पट्टेगार समाज येथे मोठ्या संख्येने नांदतो. रेशमी वस्त्रे विणणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. त्यांच्या शेजाराला कन्नड, मराठी, उर्दू अशा बोली एकाच गल्लीत ऐकू येतात. स्नेह्यांचे घर जुन्या वळणाचे, चिंचोळे. माडीवर जायला चौदा उभ्या लाकडी पायऱ्या आणि माडीवर देवघर. यापूर्वी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा वहिनी हातात निरांजन घेऊन त्याच जिन्यावरून उतरताना दिसत. या खेपेस देवघर खालच्या सोप्यात, पाण्याच्या पिंपाशेजारी मांडलेले होते. आमची नजर तिकडे गेलेली पाहून वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊ, मला वर जाणं होईना, म्हणून देवच खाली आणले.’’

त्या हसून बोलल्या, पण त्या हसण्यामागची बोच लपली नाही. वय साठीचे, शरीर स्थूल, दोन्ही गुडघे दुखरे. दवाखाने झाले होते. प्रत्येक ठिकाणी त्यांना काट्यावर उभे केले गेले, आकडा टिपला गेला आणि ‘आधी वजन उतरवा’ एवढे सांगून बोळवण झाली. तुम्हांला किती पायऱ्या चढवतात, जमिनीवर बसून उठता येते का, न्हाणीघरात तोल जातो का, हे त्यांना कोणीही विचारले नव्हते. एका माणसाचे जगणे एका आकड्यात मावते, अशी जणू सर्वांची खात्री होती. आमचा आजचा मुद्दा नेमका हाच आहे. स्थूल माणसाचे वजन आपण मोजतो, त्याची कुवत मोजत नाही. कुवत मोजण्याचे जे एक नवे साधन आज पुढे येऊ पाहत आहे, त्याकडे कौतुकाने आणि तितक्याच सावधपणे पाहावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

पेठेच्या नावातील ‘कमर’ आणि आमचा विषय यांची गाठ पडावी, हा निव्वळ योगायोग. पण भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की वैद्यक सावध होते, हे मात्र खरे. हा विषय कमरीपेठेपुरता आहे असे समजून आपण किनाऱ्यावरील लोकांनी स्वस्थ बसण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष अतिवजनाचे अथवा स्थूल आढळले. कर्नाटकात हे प्रमाण तिसांच्या घरात होते आणि गोव्यात तर स्त्रियांत ३६ व पुरुषांत जवळजवळ ३३ टक्के. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या व्यापक पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्वाधिक निघाले तेही गोव्यातच : २६.४ टक्के. तेव्हा वहिनींची गोष्ट ही घाटमाथ्यावरची नवलकथा नव्हे. ती आपल्या आळीतली, किंबहुना आपल्या घरातली गोष्ट आहे.

मग वजनाच्या आकड्यावर आपला एवढा विश्वास बसला कसा? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेल्जियमच्या अडोल्फ केतले यांनी मांडली. हे गृहस्थ वैद्य नव्हते. ते ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांना शोध घ्यायचा होता तो ‘सरासरी माणसा’चा. रुग्णाची परीक्षा करणे हा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी या भागाकाराला देहवस्तुमान निर्देशांक असे नाव दिले आणि तो जगभरच्या दवाखान्यांत स्थिरावला. समूहाचा अंदाज घेण्यासाठी हे माप सोयीचे आहे. एका माणसाचा निवाडा त्यावर करणे मात्र धोक्याचे.

याचा सर्वांत सुंदर दाखला एका मराठी वैद्याने दिला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले जोडीचे छायाचित्र छापले. दोघांचाही निर्देशांक अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आकडा तोच, देह निराळे. दिसायला सडपातळ असलेला भारतीय माणूस आतून मेदस्वी असू शकतो, हे या एका चित्राने जगाला पटले. पाश्चात्त्यांसाठी स्थूलतेची रेषा ३० वर असताना आपल्याकडे ती २५ वर आणावी लागली, त्यामागे हेच कारण आहे. तथापि रेषा कितीही सरकवली तरी ती सांगते ते देहाच्या आकारमानाविषयीच. त्या देहाला काय करता येते, याविषयी ती मुकी आहे.

वैद्यकाला ही उणीव आता जाणवू लागली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. लॅन्सेट समूहाच्या मधुमेहविषयक नियतकालिकाने नेमलेल्या ५६ तज्ज्ञांच्या आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये स्थूलतेची व्याख्या नव्याने मांडली. केवळ निर्देशांकावरून कोणाला रोगी ठरवू नये, असे आयोगाने स्पष्ट बजावले. मेद वाढलेला असला तरी अवयवांचे कार्य शाबूत असेल तर ती एक अवस्था. पण अवयवांवर परिणाम झाला असेल, अथवा स्नान, वस्त्रे नेसणे, शौच, चालणे-फिरणे अशा नित्यकर्मांत अडथळा येत असेल तर तो रोग, असा भेद त्याने केला. त्याच महिन्यात भारतीय तज्ज्ञांनीही दोन पायऱ्यांची आपली व्याख्या प्रसिद्ध केली आणि तीतही शरीराच्या कार्यावर होणाऱ्या परिणामाला स्थान दिले. म्हणजे वहिनींना जिना चढवतो की नाही, हा प्रश्न आता घरगुती गाऱ्हाण्याचा राहिला नसून तो निदानाचा भाग झाला आहे.

आणखी एका कारणाने या प्रश्नाला निकड आली आहे. टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरविणारी इंजेक्शने २०२५ साली आपल्या बाजारपेठेत अवतरली. त्यांनी वजन उतरते, यात शंका नाही. परंतु उतरलेल्या वजनात केवळ चरबी नसते. त्यात स्नायूंचाही वाटा असतो. साठीच्या माणसाचे दहा किलो गेले आणि त्यांबरोबर मांडीतले बळही गेले, तर काटा टाळ्या वाजवील, पण माणूस खुर्चीतून उठताना पूर्वीसारखाच हात टेकील. कुवत मोजल्याखेरीज यांतले खरे काय झाले, हे कळायला मार्गच नाही.

कुवत मोजण्याच्या रीती नाहीत, असे मुळीच नाही. सहा मिनिटांत माणूस किती अंतर चालतो, ही एक परीक्षा. निरोगी प्रौढ माणूस साधारणतः चारशे ते सातशे मीटर कापतो. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, ही दुसरी. १९९१ पासून ती रूढ आहे. हात छातीशी बांधून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, ही तिसरी. ब्राझीलमधील संशोधकांनी तर आधार न घेता जमिनीवर बसणे व उठणे एवढ्याच क्रियेला दहा गुण ठेवून ५१ ते ८० वयाच्या २००२ स्त्री-पुरुषांची परीक्षा घेतली. ज्यांना ते जमत नव्हते त्यांच्यात पुढील वर्षांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले, असे त्यांनी २०१२ साली दाखवून दिले. पंगतीत मांडी घालून जेवणाऱ्या आपल्या समाजाला ही परीक्षा काही परकी वाटायला नको.

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण जागेची. सहा मिनिटांच्या चालीसाठी ३० मीटरची मोकळी, सपाट वाट लागते. पेठेतल्या दवाखान्यात बाकड्यांमधून तीन मीटर मिळतानाही मारामार. दुसरी अडचण वेळेची आणि माणसांची. तिसरी अडचण सूक्ष्मतेची. घड्याळ सांगते की उठायला इतके सेकंद लागले. पण भार कोणत्या पायावर पडला, कंबर किती वाकली, तोल कोठे गेला, हे घड्याळाला दिसत नाही. हे टिपणाऱ्या मोठ्या प्रयोगशाळा आहेत. तेथे अंगावर, हाडांच्या खुणांवर चकाकणारे ठिपके चिकटवून कॅमेऱ्यांनी हालचाल नोंदवितात. परंतु स्थूल शरीरात त्या खुणा बोटांना लागत नाहीत आणि ठिपके हाडाबरोबर न हलता वरच्या मेदाबरोबर हलतात. ज्याची परीक्षा सर्वांत अगत्याची, त्याच्याच बाबतीत माप चुकते! आणि चौथी अडचण, जिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही, ती लाजेची. चार अनोळखी माणसांच्या देखत धापा टाकीत चालायचे, ही स्थूल माणसाला परीक्षा न वाटता शिक्षा वाटते.

येथे आभासी वास्तव या तंत्राचा प्रवेश होतो. आयव्हन सदरलँड या अमेरिकी संशोधकाने १९६८ साली डोक्यावर चढवावयाचे पहिले यंत्र घडविले. ते इतके अवजड होते की छताला टांगावे लागे. आजचा चष्मा साधारण अर्ध्या किलोचा आहे. तो डोळ्यांवर चढविला की समोरचे जग नाहीसे होते आणि संगणकाने रचलेले दुसरे जग चहूकडे उभे राहते. मान वळवावी तसे दृश्य वळते. ते वळावे म्हणून यंत्राला डोक्याची जागा व दिशा क्षणाक्षणाला ठाऊक असावी लागते. दोन्ही हातांत धरावयाच्या लहान यंत्रांचीही तीच गोष्ट. खेळाची सोय म्हणून केलेली ही नोंद वैद्याच्या कामाची ठरते. माणूस खुर्चीतून उठला की डोके किती वेगाने वर गेले, खाली वाकताना कोठे अडखळले, उभे असताना किती डुलले, हात खांद्यावर किती गेला, वस्तू दिसल्यापासून हात उचलायला किती वेळ लागला, हे सारे आपोआप लिहिले जाते. समोर खोली मोजणारा कॅमेरा ठेवला तर सांध्यांची हालचालही ठिपके न चिकटवता अजमावता येते. २०१० साली खेळाच्या बाजारात आलेल्या अशा एका कॅमेऱ्याने या संशोधनाला मोठी चालना दिली. इटलीत जुझेप्पे रिवा व त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून स्थूल रुग्णांची स्वतःच्या देहाविषयीची प्रतिमा समजून घेण्यासाठी हे तंत्र वापरीत आले आहेत. आता त्याच चष्म्यातून देहाची कुवत मोजण्याचा प्रयत्न होत आहे.

कमरीपेठेतल्या त्या घरात आम्हांला याची एक ओझरती झलक पाहावयास मिळाली. वहिनींचा नातू अभियांत्रिकी शिकतो. मित्राकडून खेळायला आणलेला असा एक चष्मा त्याने आजीच्या डोळ्यांवर चढविला. पडण्याचे भय नको म्हणून तिला भक्कम खुर्चीत बसविले आणि स्वतः शेजारी उभा राहिला. आभासी अंगणात रंगीत फुगे तरंगू लागले आणि ते हाताने फोडायचे होते. पहिले दोन निसटले. मग वहिनींना लय सापडली. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही असे त्यांनीच आम्हांला सांगितले होते. तोच हात एका उंच फुग्यामागे डोक्यावर गेला. मधूनच त्या खुर्चीच्या कडेवरून पुढे झुकल्या, अर्धवट उठल्या, हसल्या. चष्मा काढल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘किती बरं वाटलं! कोणी बघत नव्हतं ना!’’ वास्तविक घरातली सहा माणसे त्यांच्याकडेच पाहत होती.

तो खेळ होता, परीक्षा नव्हे, आणि एका फुग्यावरून सिद्धान्त मांडण्याचा उतावळेपणा आम्ही करणार नाही. परंतु त्या उद्गाराचे मोल आम्हांला फार वाटते. माणसाची खरी कुवत दिसायची तर आधी त्याच्यावर रोखलेल्या नजरा दूर व्हाव्या लागतात. लंबोदराला अग्रपूजेचा मान देणारा आपला समाज शेजारच्या लठ्ठ मुलाला मात्र टोपणनावांनी हैराण करतो. लग्नाच्या मांडवात, बसच्या पायरीवर, कपड्यांच्या दुकानात स्थूल स्त्रीला जे ऐकावे लागते ते ऐकून ती घराबाहेर पडणे टाळते. टाळल्याने चालणे घटते, चालणे घटल्याने वजन वाढते. या चक्राला आळस म्हणणे सोपे आहे. त्याचा एक दात आपल्या जिभेने घडविला आहे, हे कबूल करणे अवघड.

आता दुसरी बाजू. हा चष्मा जादूची कांडी नव्हे. तो डोके व हात यांची नोंद बरी घेतो. गुडघा आणि घोटा मात्र त्याला दिसत नाहीत, त्यांचा त्याला अंदाज बांधावा लागतो. आणि गुडघा हेच तर दुखण्याचे मूळ! खरे जग डोळ्यांआड झाल्याने काहींना मळमळते, भोवळ येते. ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला कठड्याविना, सोबतीविना उभे करणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. आभासी पायरी पायाखाली येत नाही. तेव्हा जिन्याची परीक्षा जिन्यावरच घ्यावी लागेल. शिवाय परदेशात तयार झालेल्या परीक्षा फळीवरचा डबा काढायला लावतील, गाडीत बसायला लावतील. आमच्या बायामाणसांची परीक्षा निराळी आहे. तिला उकिडवे बसता येते का, पाण्याची कळशी कमरेवर घेता येते का, देवाला साष्टांग नाही तरी वाकून नमस्कार घालता येतो का, बसची उंच पायरी एका दमात चढता येते का, हे पाहिले पाहिजे. याज्ञिकांनी निर्देशांकाच्या बाबतीत जो धडा दिला तोच येथेही लागू आहे. परक्या देहावर बेतलेले माप आपल्या देहाला तसेच्या तसे बसत नाही.

म्हणूनच हे काम हुबळी-धारवाडसारख्या ठिकाणी व्हावे, असे आम्हांला वाटते. पंचक्रोशीचाच नव्हे तर उत्तर कर्नाटकाचा आधार असलेले, लोकांच्या तोंडी ‘किम्स’ म्हणून रुळलेले सरकारी रुग्णालय हुबळीत आहे. धारवाडजवळ सत्तूर येथे धर्मस्थळ मंजुनाथेश्वर संस्थेचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. हुबळीत जुन्या भूमरेड्डी महाविद्यालयातून वाढलेले तंत्रविद्यापीठ आहे आणि धारवाडला २०१६ पासून आयआयटी आहे. रुग्ण, वैद्य, व्यायामोपचारक आणि यंत्रज्ञ अशी चारही माणसे वीस किलोमीटरांच्या टापूत असताना आपल्या देहांसाठी, आपल्या नित्यकर्मांसाठी एक साधी व स्वस्त परीक्षा येथे का घडू नये? गोव्यातही १८४२ सालची परंपरा सांगणारे वैद्यकीय महाविद्यालय आहे. मधुमेहाच्या यादीत वरचे स्थान पटकावणाऱ्या आपल्या राज्याने या बाबतीत शेजाऱ्याच्या बरोबरीने पाऊल टाकावे.

यंत्र आणताना दोन पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. एक, या नोंदीची मालकी रुग्णाची राहावी. माणूस कसा उठतो, कसा डुलतो ही त्याच्या देहाची खासगी गोष्ट आहे. ती विमा कंपनीच्या अथवा नोकरी देणाऱ्याच्या हाती पडली तर कुवतीचे माप हे नव्या नकाराचे हत्यार बनेल. संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचा आशय येथे कसोशीने पाळला जावा. दुसरे, यंत्राची वाट पाहत हाती असलेले काम थांबवू नये. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत व्हायला नको. एक भक्कम खुर्ची आणि एक घड्याळ प्रत्येक आरोग्यकेंद्रात आजच आहे. काट्यावर उभे करण्याआधी रुग्णाला ‘तुम्हांला काय काय करता येतं?’ एवढे विचारायला तर खुर्चीही लागत नाही.

आम्ही निघालो तेव्हा सांजवातेची वेळ झाली होती. वहिनी खालच्या सोप्यात, पिंपाशेजारच्या देवांपुढे निरांजन लावीत होत्या आणि नातू जिन्याच्या पायऱ्या मोजत होता. कालपर्यंत आजीने तीन पायऱ्या चढल्याचे त्याने वहीत लिहून ठेवले होते. त्या वहीत वजनाचा रकाना नव्हता. देव पुन्हा माडीवर जातील की नाही, हे त्या वहीवर आणि वहिनींच्या गुडघ्यांवर अवलंबून आहे. पण चौदांपैकी तीन, हा आकडा कोणीतरी लिहिला, ही त्या घरातली नवी गोष्ट होती. आमच्या दवाखान्यांनीही आपल्या वहीत असा एक रकाना आखावा, एवढेच आमचे मागणे आहे.